छोट्या पावसाचे आकडे

त्या शहरात पाऊस वर्षातून दोनदा येई. पहिला मोठा. चार महिने मुक्काम ठोकायचा, पण स्वभावाने गरीब. रोज दुपारी तीन-साडेतीनला यायचा, तासभर पडायचा आणि लोकांचा चहा पिऊन होईपर्यंत निघून जायचा. दुसरा छोटा. वर्ष सरता सरता पाच-सहा आठवडे, त्यातलेही निम्मे दिवस कोरडे. पण तो आला की समुद्राकडून विजा पाडत यायचा आणि एका सकाळीत सखल भागातली घरं कमरेपर्यंत बुडवून मोकळा व्हायचा.

म्हातारी माणसं सांगायची, छोटा पाऊस पूर्वी असा नव्हता, मधेच कधीतरी बिथरला. हवामान खात्याच्या कचेरीतली रजिस्टरं मात्र सांगायची की काहीही बदललेलं नाही.

ती रजिस्टरं बेबीच्या वडिलांनी लिहिली होती. शहराच्या मधोमध एक टेकडी होती. तिच्या माथ्यावर कुंपणात पाऊस मोजायचं यंत्र बसवलेलं होतं. यंत्र म्हणजे काय, तर एक नरसाळं आणि खाली बाटली. रोज सकाळी साडेआठला दोनशे बारा पायऱ्या चढून जायचं, बाटलीतलं पाणी मोजपात्रात ओतायचं, आकडा वाचायचा आणि लिहायचा. एकतीस वर्षं त्यांनी हे केलं. गल्लीत त्यांना सगळे पाऊसमास्तर म्हणत. ते निवृत्त झाले, तसं टेकडीवरचं केंद्रही खात्याने बंद केलं. त्यामुळे टेकडीवर किती पाऊस पडतो याचा जगात एकच पुरावा उरला, मास्तरांचं तिरकं, टपोरं अक्षर.

बेबी आता त्रेचाळीस वर्षांची होती, तरी घरात आणि गल्लीत बेबीच होती. लग्न चार वर्षं टिकलं, मग ती माहेरी आली ती आलीच. आई गेली, धाकटा भाऊ दूरच्या शहरात स्थायिक झाला, आणि दोन वर्षांपूर्वी मास्तरांना अर्धांगाचा झटका आला. डावा पाय गेला, डावा हात अर्धा गेला, जीभ मात्र शाबूत राहिली. बापलेक पहिल्या मजल्यावरच्या दीड खोलीत राहत. खाली एका शिंप्याचं दुकान, वर गच्ची. बेबी हवामान खात्याच्याच कचेरीत टायपिस्ट होती. तिकडे जाताना वडिलांच्या उशाशी पाणी, फोन आणि काठी ठेवायची आणि बाहेरून कुलूप लावायची. दुपारी शिंपी त्याच्याकडच्या किल्लीने उघडून त्यांना जेवायला वाढून जायचा. तिला घरी बांधून ठेवलेलं असायचं आणि मास्तरांना कोंडून. दोघंही याबद्दल बोलत नसत.

त्या वर्षी बेबीला कचेरीत काम मिळालं ते जुनी रजिस्टरं संगणकात चढवण्याचं. योगायोगाने वडिलांचीच. मास्तर खूश झाले. रोज संध्याकाळी ती दारात पाऊल टाकते न टाकते तोच विचारायचे, "आज कुठवर आलीस?"

"तुमच्या नवव्या वर्षापर्यंत."

"एकही दिवस रिकामा सापडला का?"

"नाही बाबा."

"सापडणारच नाही." आणि मग ते उजवा हात उशाखाली घालून समाधानाने डोळे मिटायचे.

हे काम घाईचं होतं, कारण नगरपालिकेला खालच्या वस्तीसाठी पंपघर बांधायचं होतं. पाणी साचलं की उपसून खाडीत टाकायचं. खालची वस्ती म्हणजे बेबीचीच गल्ली आणि आजूबाजूच्या आठ-दहा. पंपांचं काम बघणाऱ्या इंजिनीअरबाई हाडकुळ्या आणि घाईत असलेल्या बाई होत्या. त्या बेबीच्या टेबलाशी उभ्या राहूनच बोलल्या.

"मला सगळी वर्षं नकोत. टेकडीवर छोट्या पावसात एका दिवसात जास्तीत जास्त किती पडला, तो एक आकडा द्या. टेकडीचं सगळं पाणी वस्तीत उतरतं. तीन पंप धरून पाया घालून झालाय, त्या आकड्यावर तेवढे पुरतील की नाही ते ठरेल."

"कधीपर्यंत?"

"शुक्रवारी मागणीपत्र जाणार आहे. त्याआधी."

तोवर बेबी वडिलांच्या एकविसाव्या वर्षापर्यंत पोचली होती. सगळ्यात मोठा आकडा शहाण्णव मिलिमीटर होता, सातव्या वर्षातला. सोमवारी तिने पुढचं रजिस्टर उघडलं आणि छोट्या पावसाच्या तिसऱ्या आठवड्यात एका तारखेवर तिचं बोट थांबलं.

ती तारीख तिला पाठ होती. ती पंधरा वर्षांची होती. त्या सकाळी शाळेची मागची भिंत पडली होती. सव्वीस मुली संध्याकाळपर्यंत बाकांवर उभ्या होत्या, पाण्यात पुस्तकं तरंगत होती आणि बाई घसा बसेपर्यंत त्यांच्याकडून पाढे म्हणवून घेत होत्या. रजिस्टरात त्या दिवसापुढे लिहिलं होतं: अडतीस. शेऱ्याच्या रकान्यात, मध्यम पाऊस.

तिला आधी हसू आलं. तारीख इकडची तिकडे झाली असेल. तिने मागचा दिवस पाहिला, पुढचा पाहिला. मग कपाटातून बंदरावरच्या केंद्राचं रजिस्टर काढलं. बंदरावर त्या दिवशी एकशे एकाहत्तर पडला होता.

बंदरावर समुद्राचं वारं, तिथलं सगळं निराळं, असं कचेरीत सगळेच म्हणत. म्हणून ती तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता दोन्ही रजिस्टरं शेजारीशेजारी ठेवून बसली. मोठ्या पावसात दोघांचे आकडे सख्ख्या भावंडांसारखे बरोबरीने चालत. छोट्या पावसातही, साध्या दिवशी, तसेच. पण बंदरावरच्या शेऱ्यात ज्या ज्या सकाळी "विजांचा कडकडाट" लिहिलेलं होतं, त्या त्या सकाळी टेकडीवर पस्तीस, बेचाळीस, साठ, कधी अठ्ठ्याऐंशी. शहाण्णवच्या वर एकदाही नाही. शेवटची अकरा वर्षं हे असंच चाललं होतं. म्हातारी माणसं खरं बोलत होती. पाऊस बिथरला होता, आणि तिच्या वडिलांनी ते कोणाला कळू दिलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मास्तरांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "कुठवर आलीस?"

"एकवीस," बेबी म्हणाली. खोटं बोलताना तिला जड गेलं नाही, याचंच तिला नवल वाटलं.

शहाण्णव लिहून दिलं तर कमी पंप येणार आणि त्यांच्यासकट सगळी वस्ती बुडत राहणार. खरं सांगितलं तर या माणसाकडे जे एक उरलं होतं तेही जाणार. तिने भावाला फोन केला. तो सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "ताई, जे लिहिलंय ते दे. तू टायपिस्ट आहेस, न्यायाधीश नाहीस." ती रात्र तिने कूस बदलत काढली.

गुरुवारी सकाळी सातला पाऊस सुरू झाला.

आठ वाजेपर्यंत गल्ली दिसेनाशी झाली. शिंपी आणि त्याची बायको कापडाचे गठ्ठे डोक्यावर घेऊन वरच्या रस्त्यावरच्या शाळेत निघून गेली. जाताना त्याने जिन्यातून हाक मारली, "बेबीताई, मास्तरांना नेऊ का उचलून? चौघं जण आणतो."

मास्तरच आतून ओरडले, "काही नको! मी काय गठ्ठा आहे?"

त्यानंतर जिन्याच्या खालच्या पायऱ्या एकेक करून पाण्याखाली गेल्या. दुकानातली दोन शिलाई मशिनं आत एकमेकांवर आपटत असल्याचा आवाज येत होता. आता खोलीतून बाहेर पडायचं म्हटलं असतं तरी जायला जागा नव्हती.

मास्तरांना मात्र चेव आला होता. "बेबी, एक डबा घे. तोंड आणि बूड सारखं असलेला. पत्र्याचा बघ, तांदळाचा. गच्चीच्या मधोमध ठेव, कठड्यापासून लांब. आडोसा आला की आकडा चुकतो. आणि घड्याळ बघून ये."

तिने तांदूळ परातीत ओतले आणि सव्वाआठला डबा गच्चीवर ठेवून आली. तोवर नुसताच पाऊस होता. ती अंग पुसत होती तेवढ्यात पहिली वीज कडाडली, लांब, खाडीच्या बाजूला. मास्तरांनी रेडिओ लावला. लाइट गेली होती, पण तो सेलवर चालणारा होता. दुसऱ्या कडकडाटाला त्यांनी आवाज वाढवला. बेबीला एकाएकी आठवलं की ती लहान असल्यापासून हे असंच चालत आलं होतं. गडगडलं की घरात रेडिओ मोठा व्हायचा.

तिने जाऊन रेडिओ बंद केला.

"बाबा, माझ्या शाळेची भिंत पडली त्या दिवशी टेकडीवर किती पडला होता?"

"इतक्या वर्षांपूर्वीचं कोण लक्षात ठेवतं?"

"अडतीस."

मास्तर छताकडे बघत राहिले. "मग अडतीस असेल."

"बंदरावर एकशे एकाहत्तर होता."

"बंदराचं बंदरापाशी. तिथला तो वाचणारा दिवसभर पानं चघळत बसायचा, त्याच्या आकड्यावर काय जातेस?"

"अकरा वर्षं, बाबा? प्रत्येक वेळी? तेही नेमका विजांच्या दिवशी?"

"रजिस्टर म्हणजे रजिस्टर," ते म्हणाले. आवाज चढला होता. "एकतीस वर्षं एक दिवस रिकामा नाही. वरच्या साहेबांनी कधी चकार शब्द काढला नाही आणि तू काल आलेली..."

पुढचं वाक्य कडकडाटात गेलं. वीज जवळच कुठेतरी पडली असावी. बेबीने पाहिलं, त्यांच्या उजव्या हाताने खाटेची कड घट्ट धरली होती, बोटं पांढरी पडली होती. ओठ हलत होते. बघवत नव्हतं. तरी तिच्या मनात तीन दिवसांचं जे साचलं होतं ते बाहेर पडलंच.

"दहा वाजले. डबा वाचायला हवा."

"आता नको. राहू दे."

"कोणीतरी वर जाऊन वाचायलाच हवं ना," असं म्हणून तिने मोजपट्टी घेतली आणि निघाली. पाठीमागे ते काहीतरी म्हणाले. तिने ऐकलं नाही.

गच्चीच्या दाराला आतून लोखंडी खिटी होती. दार आपटलं की ती आपसूक खाली पडून अडकायची. म्हणून दाराशी कायम एक वीट ठेवलेली असे. बेबीने वीट लावली, वाकून पळत डब्यापाशी गेली, पट्टी आत घातली. एकशे अठरा मिलिमीटर, पावणेदोन तासांत. तिने पुन्हा वाचलं. तेवढ्यात वाऱ्याचा एक लोट आला, ओल्या फरशीवरून वीट सरकली आणि दार धाडकन बंद झालं. आत खिटी पडल्याचा आवाज तिला स्पष्ट ऐकू आला.

तिने धक्के मारले, लाथ मारली. दार जुन्या सागवानी लाकडाचं होतं, हलेना. कठडे गुडघ्याएवढे. आडोशाला एक पाण्याची लोखंडी टाकी, आणि तिच्याजवळ उभं राहणं म्हणजे विजेला आमंत्रण. शेजारची गच्ची उडी मारण्यापलीकडे होती. खाली बघितलं तर चहाच्या रंगाचं पाणी, त्यात कोणाची तरी खुर्ची गोल फिरत होती. तिने हाका मारल्या. पावसाने त्या तोंडातून बाहेरही पडू दिल्या नाहीत. शेवटी ती दाराला पाठ लावून उकिडवी बसली आणि डोकं गुडघ्यांत घातलं. आभाळ फाटल्यासारखं पांढरं व्हायचं, ती मनात आकडे मोजायची, आणि दर वेळी आवाज आधीच्यापेक्षा लवकर यायचा. भीती म्हणजे काय ते तिला आत्ता कळलं. पोटात नसते ती, पायांत असते. पाय आपले राहत नाहीत.

किती वेळ गेला ते तिला सांगता आलं नसतं. मग दारातून, खालून कुठूनतरी आवाज आला.

"बेबी!"

"बाबा! खिटी पडली! मी बाहेर अडकलेय! शिंप्याला फोन करा!"

"केला. पाणी छातीपर्यंत आलंय म्हणतो. धार आहे. कोणी येऊ शकत नाही." मग, "मी येतो."

"तुम्ही कसे येणार? पडाल! बाबा, येऊ नका!"

बरीच मिनिटं काही ऐकू आलं नाही. त्यानंतर जिन्यात काहीतरी धपकन आपटलं, आणि मास्तरांचा आवाज, दमलेला, "एक."

ते पाठमोरे, बसून चढत होते. उजव्या पायाने रेटा द्यायचा, उजवा हात वरच्या पायरीवर टेकायचा, अंग वर ओढायचं, मग डावा पाय हाताने उचलून घ्यायचा. बेबीने दाराच्या फटीला कान लावला होता.

"दोन."

जिना चौदा पायऱ्यांचा होता. पाचव्या पायरीवर ते बराच वेळ थांबले. आठवीवर काठी घरंगळत खाली गेली. त्यांनी एक सणसणीत शिवी दिली, आणि धप धप करत चार पायऱ्या परत उतरून ती आणली. बेबीला रडू येत होतं आणि त्या शिवीचं हसूही.

"काठी खाली ठेवू नका ना! सदऱ्यात खोचा!"

"दातांत धरतो," ते म्हणाले. त्यानंतर आकडे नीट ऐकू येईनात.

अकरावीवर असताना वीज पडली. पुढच्याच गल्लीत पडली असावी. बेबीच्या डोळ्यांपुढे सगळं जांभळं झालं, दार हाताखाली थरथरलं. त्यानंतर आत शांतता.

"बाबा?"

काही नाही.

"बाबा, ऐकू येतंय का? बोला काहीतरी!"

बऱ्याच वेळाने अगदी बारीक आवाज आला. "आहे. इथेच आहे. पाय थांबलेत."

धीर द्यायला जावं तर तिचे स्वतःचे दात वाजत होते. तेव्हा ती एवढंच म्हणाली, "एकशे अठरा झालाय, बाबा. दहा वाजेपर्यंत."

आतून प्रश्न आला, "डबा कलता नव्हता ना?"

"नव्हता."

"पट्टी बुडाला टेकवलीस?"

"टेकवली. दोनदा वाचला."

"बरं," मास्तर म्हणाले. आणि मग, "बारा."

चौदाव्या पायरीवरून खिटी त्यांच्या डोक्याच्या दीड हात वर होती. त्यांनी बसल्या बसल्या काठीने ती खालून ठोकायला सुरुवात केली. कितव्या तरी ठोक्याला ती उडाली, दार उघडलं आणि बेबी पाण्यासकट त्यांच्या अंगावर आली.

पण सुटका म्हणावी अशी काही झाली नाही. मास्तरांच्या चांगल्या पायात गोळा आला होता. पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या, बेबीच्या अंगात कापरं भरलं होतं. त्यांना एकटीने खाली नेणं म्हणजे दोघांनी मान मोडून घेणं. तिने दार ओढून घेतलं आणि त्यांच्या खालच्या पायरीवर बसली. त्या अरुंद जिन्यात, गुडघ्याला गुडघा लावून, ओल्या कपड्यांत ते दोघं दुपारी चारपर्यंत बसून होते. खाली पाणी, वर वीज. उठून जाता येत नव्हतं, विषय टाळता येत नव्हता.

मास्तरांनीच तोंड उघडलं.

"तू नववीत होतीस. मी बाटलीवर वाकलो होतो. शेजारच्या झाडावर पडली. झाड पेटलं नाही, फुटलं. साल माझ्या पाठीत घुसली. तुझ्या आईला सांगितलं, कुंपणाची तार लागली."

"मला आठवतं ते. पाठीला पट्ट्या होत्या."

"दुसऱ्या दिवशी गेलो की मी. ऊन होतं. तिसऱ्या दिवशीही गेलो. पुढच्या आठवड्यात गडगडायला लागलं, आणि शंभराव्या पायरीपाशी पाय थांबले. मी थांबवले नाहीत, बेबी. तेच थांबले. तिथे एक छपरी होती, तिच्यात बसलो. म्हटलं, जरा ओसरला की जाऊ. ओसरला तेव्हा अकरा वाजले होते. बाटली भरून वाहून गेलेली. साडेआठचा आकडा आता कुठून आणायचा? लिहिला मनाने. पहिला लिहायला तासभर लागला. दुसऱ्या वेळी एक मिनिट."

"पण मग मोठा लिहायचा. दिसत तर होतं, किती पडतोय ते."

"मोठा लिहिला की वरून फोन येतो. खात्री आहे का, पुन्हा बघा, साक्षीदार कोण. लहान आकड्याला कोणी काही विचारत नाही." त्यांनी डावा हात उचलून मांडीवर घेतला. "तुझी शाळा पडली त्या दिवशी मी त्या छपरीतच होतो. तिथून खालचं पाणी दिसत होतं. तू कुठे आहेस ते ठाऊक नव्हतं. संध्याकाळी घरी आलो, तू होतीस. मग अडतीस लिहिला."

बेबीने त्यांच्या गार पडलेल्या पायावर स्वतःचा ओला पदर घातला. त्याने ऊब येणार नव्हती, पण दुसरं काही नव्हतं.

"मला उद्या आकडा द्यायचाय, बाबा."

"मी गेल्यावर दे. वर्ष-दोन वर्षांचा तर प्रश्न आहे."

"इंजिनीअरबाई मागणीपत्र घेऊन तुमच्या मरणाची वाट बघत थांबणार नाहीत."

त्यांना हसू आलं असावं, नाकातून तसा आवाज निघाला. पण ते हो म्हणाले नाहीत. "माझं दुसरं काय आहे ग?" एवढंच म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं.

पाणी ओसरल्यावर शिंपी तीन माणसं घेऊन आला. मास्तरांना त्यांनी खरोखरच गठ्ठ्यासारखं उचलून खाली आणलं आणि कोरड्या कपड्यांत गुंडाळून खाटेवर ठेवलं. मग शिंपी दुकानात गेला. वरून ऐकू येत होतं, त्याची बायको मशीनच्या पेटीतून चिखल खरवडत होती आणि तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "आता काय करायचं? आता काय करायचं?"

मास्तर ऐकत होते. उजेड असेपर्यंत ऐकत राहिले.

शुक्रवारी सकाळी बेबी उठली तेव्हा ते जागेच होते. "कागद घे," ते म्हणाले.

आणि त्यांनी तारखा सांगायला सुरुवात केली. वर्ष, महिना, दिवस, रजिस्टरात काय लिहिलं, आणि छपरीतून बघताना खरा किती वाटला होता तो अंदाज. एकही त्यांनी विसरलेला नव्हता. एकेचाळीस दिवस झाले. दोन तारखांना ते अडले. "इथे मी वर गेलो होतो असं वाटतं. नक्की सांगता येत नाही. तसंच लिही, नक्की नाही म्हणून." शेवटी त्यांनी उजव्या हाताने सही केली. अक्षर अजून तेच होतं, तिरकं आणि टपोरं.

कचेरीच्या प्रमुख बाईंनी कागद वाचला आणि चष्मा काढून बेबीकडे पाहिलं. "तुला हे कोणी विचारलं होतं?"

"इंजिनीअरबाईंनी."

"त्यांनी एक आकडा विचारला होता."

"हो. तो आकडा माझ्याकडे नाही, हेच सांगतेय."

मग जे व्हायचं ते झालं. चौकशीला दोन माणसं घरी आली, खाटेशी बसून मास्तरांना तेच तेच विचारून गेली. मास्तरांनी प्रत्येक वेळी तेच उत्तर दिलं. त्यांच्या शेवटच्या अकरा वर्षांच्या छोट्या पावसावर "ग्राह्य नाही" असा शिक्का बसला. कचेरीत चहाच्या वेळी बेबी आली की टेबलावरचं बोलणं बदलायचं. भावाने चार महिने फोन उचलला नाही, आणि उचलला तेव्हा बाबांशी बोलला, तिच्याशी नाही.

इंजिनीअरबाईंनी बंदराचे आकडे घेतले, मास्तरांचे अंदाज शेजारी मांडले आणि तीन पंपांच्या जागी सहा लागतील असं ठरवलं. पण सहा पंपांना तो पाया पुरणार नव्हता. बांधायला घेतलेलं पंपघर फोडून पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागलं. काम दोन वर्षं लांबलं. गल्लीत बातमी पसरली ती नेमकी याच बाजूने: पाऊसमास्तरांमुळे आपले पंप अडकले. लोक तोंडावर काही म्हणाले नाहीत. फक्त "मास्तर, आज पडेल का?" असं खिडकीखालून विचारणं बंद झालं. शिंप्याची बायको जेवण वाढायला यायची, ताट ठेवायची आणि बसायची नाही. शिंपी तर महिनाभर वर आलाच नाही.

पुढचा छोटा पाऊस जवळ आला तेव्हा एका रविवारी तो दारात उभा राहिला. दुरुस्त करून आणलेली दोन्ही मशिनं जिन्यात ठेवली होती.

"बेबीताई, पंप काही यंदा येत नाहीत. ही वर ठेवली तर चालेल का? पाच-सहा आठवडे."

दीड खोलीत आधीच खाट, कपाट, ओटा आणि दोन माणसं होती. बेबीने वडिलांकडे पाहिलं.

"त्याला म्हणावं, खिडकीजवळची जागा माझी आहे," मास्तर म्हणाले. "आणि माझ्याकडे बघून बोलायला सांग. मी काय भिंत आहे?"

शिंपी त्यांच्याकडे वळला. "तुमच्यामुळे माझा यंदाचा हंगाम जाणार, मास्तर. आणि तुम्ही बोलला नसतात तर पुढचे सगळे गेले असते. मला तुमच्यावर रागवायचं की नाही हेच कळत नाही."

"मशिनं आधी आत घे, भिजतील. राग काय, बसून कर."

तर मशिनं आली, त्यांच्या मागोमाग कापडाचे गठ्ठे आले आणि शेवटी शिंपीही आला, कारण खाली बसून तो शिवणार कशावर? त्या हंगामात बेबीला कचेरीतून आल्यावर पाय ठेवायला जागा नसायची. कपाट उघडायचं तर आधी शिंप्याला उठवावं लागे. बाहेरून कुलूप लावायची मात्र गरज उरली नाही. छोट्या पावसाच्या पहिल्याच जोरदार दिवशी गल्लीत पुन्हा कमरेएवढं पाणी आलं आणि तिघं जण सकाळपासून त्या खोलीत अडकून पडले. बाहेर कडाडत होतं. शिंपी खाली मान घालून बाह्या जोडत होता. मास्तरांनी खाटेची कड धरली होती आणि ते त्याच्यावर वैतागले होते की मशीनला तेल घाल, दोन मिनिटं डोळा लागू देत नाहीस. बेबी जमिनीवर, गठ्ठ्यांच्या मधे, कोणाच्या तरी सदऱ्याची बटणं लावत बसली होती.